फक्त सहा वर्षं? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात डेनिस ओ'नीलवर छोटंसं टिपण आलं होतं, त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी बाकीचे विषय बाजूलाच ठेवते. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेल्समधल्या न्यूपोर्टचा हा मुलगा. घरात हाल होत होते म्हणून कोर्टाच्या आदेशाने त्याला आणि भावंडांना आईवडलांकडून काढून न्यूपोर्ट कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ताब्यात दिलं. 1944 च्या उन्हाळ्यात डेनिस आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स यांना इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात, मिन्सटर्ली गावाजवळच्या एका शेतघरात रेजिनाल्ड आणि एस्थर गॉफ या जोडप्याकडे सांभाळायला ठेवलं. मुलाच्या खर्चाचे पैसे कौन्सिल देणार, घर यांचं. 9 जानेवारी 1945 ला डेनिस गेला, वय 12. उपासमार झालेली, पायांना जखमा, अंगभर मार. मार्चमध्ये स्टॅफर्डच्या कोर्टात रेजिनाल्डला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षं आणि एस्थरला दुर्लक्ष केल्याबद्दल सहा महिने शिक्षा झाली.

आता पत्रांकडे वळते.

प्रश्न : ताई, वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. एका पोराला हाल हाल करून मारलं आणि फक्त सहा वर्षं? त्या काळात तर तिकडे फाशी होती ना? मग या माणसाला का नाही दिली? जजला लेकरंबाळं नव्हती का? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, जजच्या लेकराबाळांचं मला माहीत नाही, पण फाशीचं सांगते. हो, 1945 मध्ये इंग्लंडमध्ये खुनाला फाशीच होती, खुनासाठीची फाशी तिकडे 1965 मध्ये थांबवली आणि 1969 मध्ये कायमची गेली. पण गॉफवर खटला खुनाचा चाललाच नाही, सदोष मनुष्यवधाचा चालला. खुनासाठी हे दाखवावं लागतं की जीव घ्यायचा किंवा निदान गंभीर इजा करायचीच असा हेतू होता. मुलांच्या छळाच्या केसमध्ये हे सिद्ध करणं सरकारी वकिलांना नेहमी अवघड जातं, कारण एका घावाने मरण आलेलं नसतं, महिनोन्‌महिने उपाशी ठेवून, थंडीत ठेवून, रोज मारून मुलाची ताकद संपवलेली असते आणि मग एके रात्री शेवटचा मार पडतो. आरोपी म्हणतो मी तर शिस्त लावत होतो, मला काय माहीत तो मरेल. माझ्या मते खरं तर सावकाश केलेलं जास्त क्रूर, पण कायद्याच्या चौकटीत तेच आरोपीच्या पथ्यावर पडतं.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सदोष मनुष्यवधाला तेव्हाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येत होती, म्हणजे सहा वर्षं हा काही कायद्याने बांधलेला आकडा नव्हता, जजनेच तो निवडला. मुलाने भुकेपोटी शेतातला सलगमासारखा कंद चावला म्हणून मारलं, असं कोर्टात आलं होतं. मेल्यावर कित्येक तासांनी डॉक्टरला फोन करून मुलाला फिट येतेय म्हणून खोटं सांगितलं, हेही आलं होतं. एवढं सगळं समोर असताना सहा वर्षं मलाही कमीच वाटतात, यात कायद्याचा कितीही अभ्यास केला तरी माझं मत बदललेलं नाही.

प्रश्न : बायकोला फक्त सहा महिने! ती तर दिवसभर घरातच होती, तिला सगळं दिसत होतं. हे कसं काय?

उत्तर : कारण तिच्यावर जो गुन्हा शाबीत झाला तो दुर्लक्षाचा होता, मारण्याचा नाही. त्या वेळच्या कायद्यात बघत राहणाऱ्यासाठी वेगळा मोठा गुन्हाच नव्हता. आणि ही अडचण पुढे साठ वर्षं तशीच राहिली, घरात दोन मोठी माणसं, मूल मेलेलं, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत, कोणी मारलं ते सिद्ध होत नाही, मग दोघंही किरकोळ शिक्षेवर सुटायचे. 2004 मध्ये तिकडे नवीन गुन्हा आणला, मुलाचा मृत्यू घडवणं किंवा घडू देणं. घडू देणं हा शब्द महत्त्वाचा. आता एका घरात राहून धोका दिसत असताना, किंवा दिसायला हवा होता तरी, काहीच केलं नाही तर तोच गुन्हा. आधी जास्तीत जास्त 14 वर्षं होती, 2022 पासून जन्मठेपेपर्यंत. आजच्या कायद्यात एस्थर गॉफचं सहा महिन्यांवर भागलं असतं असं मला बिलकुल वाटत नाही.

प्रश्न : मागच्या टिपणात तुम्ही लिहिलंत की या शिक्षेवर लोक चिडले. पण नेमकं काय केलं लोकांनी? तेव्हा तर महायुद्ध चालू होतं, एका मुलाकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ होता? (कॉलेजात शिकणारी मुलगी)

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून याचं उत्तर जरा लांबलचक देते, चालेल ना.

युद्ध संपत आलं होतं पण संपलं नव्हतं, कागदाची टंचाई होती, वर्तमानपत्रं पानं कमी करून निघत होती, आणि तरीही या खटल्याला जागा मिळाली. लहान टेरेन्सने कोर्टात उभं राहून साक्ष दिली, भाऊ कसा मेला ते सांगितलं, ते वाचून लोक हलले. शिक्षा कमी आहे ही ओरड झालीच. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. लोकांनी दुसरा प्रश्न लावून धरला, की या मुलांना तिथे पाठवलं कोणी? घर कोणी बघितलं होतं? नंतर बघायला कोण गेलं?

आणि इथे जे बाहेर आलं ते वाचून आजही चीड येते. आधीच्या घरी मुलांना ठेवून घेणं जमेना म्हणून घाईघाईत दुसरं घर शोधलं, गॉफ कसे आहेत याची धड चौकशी नाही. मुलं न्यूपोर्ट कौन्सिलची पण राहणार श्रॉपशरमध्ये, त्यामुळे देखरेख कोणाची याचा दोन्ही ऑफिसांत घोळ. डॉक्टरी तपासणी नाही. 20 डिसेंबरला न्यूपोर्टहून एक कर्मचारी बाई शेवटी जाऊन आली, तिला मुलगा आजारी वाटला, डॉक्टरला दाखवा असं ती सांगूनही आली. डॉक्टर आला नाही आणि मुलांना काढून आणायचं ते नाताळ-नव्या वर्षात राहून गेलं. त्या भेटीनंतर डेनिस तीन आठवडेही जगला नाही. आता यातल्या कोणालाच डेनिसचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं हो, फाइल पुढच्या टेबलावर गेली म्हणजे आपलं काम झालं अशी सवय असते ना, तीच.

सरकारवर दबाव आला तेव्हा गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी सर वॉल्टर माँक्टन यांची चौकशी नेमली आणि मे 1945 मध्ये, म्हणजे युरोपातलं युद्ध संपलं त्याच महिन्यात, अहवाल आला पण. त्यात त्यांनी म्हटलं की ज्याच्या ताब्यात मूल दिलंय त्याने, मग ती कौन्सिल का असेना, ते आपल्या स्वतःच्या मुलासारखं सांभाळायला हवं, ही जबाबदारी टाळताही येत नाही आणि कशीतरी उरकूनही टाकता येत नाही. ते उरकून टाकणं जे आहे ना, त्यावर बोट ठेवलं हे मला फार मोठं वाटतं.

आता एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच ठिकाणी चुकीची सांगितली जाते. डेनिस मेला म्हणून लगेच 1948 चा मुलांचा कायदा झाला, अशी सरळसोट गोष्ट नाहीये. लेडी ॲलन नावाच्या बाईंनी जुलै 1944 मध्येच वर्तमानपत्रात पत्र लिहून अनाथाश्रमांतल्या मुलांच्या हालांना वाचा फोडली होती, आणि सरकारने कमिटी नेमायचं डिसेंबर 1944 मध्ये कबूल केलं होतं, डेनिस तेव्हा जिवंत होता. तीच मायरा कर्टिस यांची कमिटी. तिचा अहवाल 1946 मध्ये आला, आपल्या घराबाहेर वाढणारी जवळजवळ सव्वा लाख मुलं तिने विचारात घेतली आणि प्रत्येक कौन्सिलमध्ये फक्त मुलांसाठी एक स्वतंत्र अधिकारी हवा असं सांगितलं, आणि 1948 च्या कायद्यात ते आलं. डेनिसच्या खटल्याने काय केलं तर जे काम सावकाश चालू होतं ते मागे ढकलणं कोणालाच शक्य ठेवलं नाही. शिक्षा सहाच्या ऐवजी सोळा वर्षं झाली असती, आणि लोक समाधानाने घरी गेले असते, तर हा प्रश्न एवढा लावून धरला असता का, मला शंका आहे.

प्रश्न : मी कमेंटमध्ये लिहिलं की असल्या लोकांना तसंच उपाशी ठेवून मारा. तर माझी मुलगी म्हणते आई तू पण त्यांच्यासारखंच बोलतेस. राग येणं चूक आहे का?

उत्तर : राग येणं चूक अजिबात नाही, न येणाऱ्याची मला जास्त काळजी वाटेल. मुलीशी भांडू नका आणि तिचं सगळं मान्यही करू नका 😊. पण लिहिण्याबद्दल एक खरी घडलेली गोष्ट सांगते मग तुम्हीच ठरवा.

2007 मध्ये लंडनमध्ये पीटर नावाचं दीड वर्षाचं बाळ घरातल्या छळाने गेलं, सुरुवातीला सगळे त्याला बेबी पी म्हणायचे कारण नावं छापायला कोर्टाची बंदी होती. नोव्हेंबर 2008 मध्ये निकाल लागला आणि देश पेटला. लोकांनी इंटरनेटवर आई आणि तिच्या मित्राची नावं, फोटो टाकायला सुरुवात केली, न्याय करतोय अशा भावनेने. पण बंदी का होती? कारण त्याच मित्रावर एका दोन वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याचा वेगळा खटला अजून चालायचा होता, आणि ज्यूरीला हा तोच माणूस आहे हे कळलं तर तो खटला कोसळायची भीती होती. शेवटी तो खटला खोटी नावं लावून चालवावा लागला! सुदैवाने निभावलं, त्याला त्यात जन्मठेप झाली. पण नावं फोडणाऱ्या लोकांच्या हातून त्या दुसऱ्या मुलीचा न्याय जाता जाता राहिला, आणि त्यांना ती मुलगी आहे हेही माहीत नव्हतं.

त्याच वेळी एका वर्तमानपत्राने मोहीम काढली, दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, मागणी काय तर सोशल वर्कर, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवणारे कौन्सिलचे कर्मचारी, आणि त्यांच्या साहेबांना काढा. कौन्सिलच्या बालसेवा विभागाच्या प्रमुख बाईंना मंत्र्याने टीव्हीवरच्या पत्रकार परिषदेत पदावरून दूर केलं, 2011 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की त्यांची बाजू नीट न ऐकता हे केलंय, बेकायदेशीर आहे. दरम्यान काय झालं, तर सोशल वर्करच्या नोकरीला माणसं मिळेनात आणि मुलांना घरातून काढून घेण्याचे कोर्टातले अर्ज एकदम वाढले, कारण जो तो घाबरला की पुढचं नाव आपलं यायला नको. म्हणजे ज्या कामाला शांत डोक्याची अनुभवी माणसं हवीत तिथून तीच पळाली. चुका झाल्याच नव्हत्या असं मी म्हणत नाही, पीटरच्या घरी सरकारी माणसं कितीतरी वेळा येऊन गेली होती. पण चूक शोधणं वेगळं आणि बकरा शोधणं वेगळं.

तेव्हा लिहा, जरूर लिहा. फक्त खटला चालू असताना नावं-फोटो टाकू नका, मुलाच्या जिवंत भावंडांबद्दल तर अवाक्षर नको, ती मोठी होऊन हे सगळं वाचणार आहेत.

प्रश्न : काहीही म्हणा, परकं ते परकंच. रक्ताच्या माणसाने असं केलं नसतं.

उत्तर : केलं असतं, केलंय. पीटर आईच्याच घरात गेला. आणि मारिया कोलवेलचं तर बरोबर उलटं झालं. ही मुलगी पाच वर्षांहून जास्त काळ आत्याकडे सांभाळायला होती, सुखात होती, पण मूल आईकडेच हवं या विचाराने 1971 मध्ये तिला आईकडे परत पाठवलं. तिला जायचं नव्हतं. शेजाऱ्यांनी, शाळेने तक्रारी केल्या, पुन्हा पुन्हा केल्या, आणि जानेवारी 1973 मध्ये ब्रायटनमध्ये सावत्र बापाच्या मारहाणीत ती गेली, आठ वर्षांचीही नव्हती. तेव्हाही लोकांच्या संतापामुळे मोठी चौकशी झाली, 1975 चा कायदा आला, त्यात मुलाला स्वतःला काय वाटतं ते विचारा हे आलं.

फॉस्टर घर, म्हणजे सांभाळायला दिलेलं दुसऱ्यांचं घर, चांगलं की आईचं घर चांगलं असा वाद मला त्यामुळे निरर्थक वाटतो. डेनिसला परक्याकडे वेळेवर कोणी बघायला गेलं नाही, मारियाला आईकडे जाऊन बघितलं पण जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला नाही. घर कोणाचंही असो, मुलाला एकट्याला बाजूला घेऊन बोलणारं कोणीतरी बाहेरचं माणूस लागतं.

प्रश्न : हल्लीच्या बातम्यांत जन्मठेप, किमान 29 वर्षं असं असतं, मग दुसरीकडे किमान 5 वर्षं. हे किमान म्हणजे काय? पाच वर्षांनी सोडतात का?

उत्तर : नाही हो, यात फार लोक फसतात. इंग्लंडमध्ये खुनाला जन्मठेपच असते, जजला दुसरा पर्याय नाही, तो फक्त ठरवतो की पॅरोलचा, म्हणजे तिकडे अटींवर सुटकेचा, विचार करायच्या आधी किती वर्षं आत काढायची. ती किमान वर्षं. ती संपली म्हणजे दार उघडलं असं नाही, पॅरोल बोर्डाला पटलं तरच बाहेर, आणि बाहेर आल्यावरही मरेपर्यंत अटी लागू, मोडल्या की परत आत.

2020 मध्ये सोलिहल इथे आर्थर लबिन्जो-ह्यूज हा सहा वर्षांचा मुलगा वडील आणि त्यांच्या मैत्रिणीच्या छळाने गेला. त्या बाईला खुनासाठी जन्मठेप आणि किमान 29 वर्षं. शिक्षा ऐकायला ती कोठडीतून कोर्टात आलीच नाही, त्यावरून लोक आणखी भडकले. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या मैदानात सहाव्या मिनिटाला लोकांनी उभं राहून आर्थरसाठी टाळ्या वाजवल्या.

आणि ते किमान 5 वर्षं म्हणजे पीटरच्या आईचं. तिची शिक्षा मुदत न ठरवलेली होती, जन्मठेपेच्या जवळ जाणारी. लोकांनी आकडा वाचला पाच आणि म्हणाले, बस्स? प्रत्यक्षात ती 2013 मध्ये सुटली, अटी मोडल्या म्हणून 2015 मध्ये परत आत टाकली, मग थेट 2022 मध्ये सुटली. मथळ्यातला आकडा बघून लगेच मत बनवू नका, खाली पूर्ण वाक्य वाचा, इतकंच सांगेन.

प्रश्न : शिक्षा कमी वाटली तर सामान्य माणूस काही करू शकतो का, की फक्त चरफडायचं? मी इंग्लंडमध्येच राहते.

उत्तर : करू शकता. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्राउन कोर्टाची (गंभीर गुन्हे चालतात ते कोर्ट) शिक्षा अवाजवी सौम्य वाटली तर कोणीही, अगदी केसशी काही संबंध नसलेला माणूसही, ॲटर्नी जनरलच्या (सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराच्या) ऑफिसला कळवू शकतो की ही बघा. खून, सदोष मनुष्यवध, मुलांवरचे काही गुन्हे यात बसतात, सगळे नाही. ऑफिसला योग्य वाटलं तर ते अपील कोर्टात नेतात आणि कोर्ट शिक्षा वाढवू शकतं. आर्थरच्या वडिलांची 21 वर्षांची शिक्षा अशीच 2022 मध्ये 24 झाली. त्याच दिवशी स्टार हॉब्सन नावाच्या सोळा महिन्यांच्या बाळाच्या केसमध्ये आईची 8 ची 12 झाली. मात्र आर्थरच्या केसमधल्या त्या बाईचे 29 कोर्टाने तसेच ठेवले, म्हणजे मागितलं की मिळतंच असं नाही.

मुदत फक्त 28 दिवस, शिक्षा सुनावली त्या दिवसापासून, आणि ती वाढवून मिळत नाही. अर्ज एकाच माणसाचा पुरतो, जास्त सह्या आल्या म्हणून केस जड होत नाही. तेव्हा सह्या गोळा करत बसू नका, आरोपीचं नाव, कोर्ट, तारीख आणि गुन्हा एवढं लिहून त्यांच्या वेबसाइटवरून पाठवून द्या.